मॉलवर जबाबदारी कधी येते?
मॉलच्या पार्किंगमध्ये ग्राहकावर हल्ला झाला, तर तो चोरानं केला, त्यात मॉलचा काय दोष, हा प्रश्न रास्त आहे. पण कोर्ट बघतं ते वेगळंच: असं काही घडू शकतं याची मालकाला आधी कल्पना यायला हवी होती का? त्याच पार्किंगमध्ये पर्स हिसकावल्याच्या जुन्या तक्रारी असतील, जिन्याजवळचा दिवा महिनोन्महिने बंद असेल, कॅमेरा नुसता शोभेला टांगलेला असेल, तर हात झटकणं अवघड जातं. गार्ड एजन्सीचे आहेत म्हणून मालक आपोआप सुटतो असंही नाही. मात्र नुकसान त्याच ढिलाईमुळे झालं हे दाखवावं लागतं, आणि घोडं बहुधा तिथेच अडतं. म्हणून कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवा असं मॉलला लगेच लेखी कळवा, पोच घ्या. जुन्या रेकॉर्डिंगवर थोड्याच दिवसांत नवं चढतं.