मुंबईचं पाणी: पंप वाढवायचे की पाण्याला जागा ठेवायची?

किनारेकर
नवी उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपांची केंद्रं, उभारण्याआधी पाणी थोपवायला जागा शोधा, असं माझं ठाम मत आहे. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसासाठी आहेत, तेही ओहोटी असताना. शिवाय निम्मं पाणी मुरेल असं धरून. वाड्या, अंगणं काँक्रीटखाली गेल्यावर मुरणार कुठे? मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिमी धरले आणि सगळं पाणी वाहून येणार असं मानलं. म्हणजे गटारावरचा भार दुप्पट नाही, चौपट!

पातमुख
चौपट मान्य. पण जागेचा हिशेब करा. एक हेक्टरवर ५० मिमी म्हणजे ५०० घनमीटर. शंभर हेक्टरचं तासाभराचं पाणी साठवायला ५ मीटर खोल टाकी धरली, तरी अख्खं एक हेक्टर मैदान खणावं लागेल. दादर-परळमध्ये अशी किती मैदानं उरलीत? आणि मोठी भरती आली की समुद्र पातमुखातून, म्हणजे नाला समुद्राला मिळतो त्या तोंडातून, उलटा आत घुसतो, म्हणून झडपा पाडाव्या लागतात. त्यानंतर आतलं पाणी उचलून टाकायला पंपाशिवाय इलाज नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह ही केंद्रं त्यासाठीच आहेत.

किनारेकर
सगळा पाऊस पोटात घ्यायचा, असं कुठे म्हटलं? टाकीने फक्त माथा कापायचा, म्हणजे जोर सर्वाधिक असतानाचं जादा पाणी तेवढं थोपवायचं. दादरजवळच्या हिंदमाताला मैदानाखालच्या टाक्या याच कामाच्या: बशीसारख्या सखल भागातलं पाणी त्यात उतरवायचं, भरती उतरली की सोडायचं. दर मोठ्या इमारतीच्या आवारात अशी छोटी टाकी सक्तीची केली, तर मैदानांवर भार येणार नाही.

गाळउपसा
दोघांचंही गणित जाळीपाशी अडतं. पंपाआधीच्या जाळीवर प्लास्टिक, थर्माकोल, चिंध्या यांचा थर बसला की अलीकडे नाला तुडुंब भरतो आणि पलीकडे पंपाची विहीर रिती होते. पातळी खाली गेली की पंप बंद. बाहेर गुडघाभर पाणी, आत बंद यंत्र! टाकीत गाळ साचला तर तिचीही क्षमता घटते. नाल्याला आडव्या गेलेल्या जलवाहिन्या आणि केबली तर कचरा अडवायलाच घातल्यासारख्या.

पातमुख
जाळीचं शंभर टक्के पटलं. भर पावसात ती साफ करणारी यंत्रणा निविदेतच हवी. पण इमारतीखालच्या टाकीबद्दल शंका आहे. पहिल्या सरीत भरलेली टाकी दुसऱ्या सरीआधी रिकामी कोण करणार? सोसायटीचा वॉचमन?

किनारेकर
तळाशी लहान तोंडाचा पाइप ठेवायचा. पाणी आपोआप, संथपणे नाल्यात जातं, माणूस लागत नाही. अट एकच: टाकीचा तळ नाल्याच्या पातळीच्या वर हवा. पुनर्विकासाचे नकाशे मंजूर करतानाच हे तपासता येतं.

गाळउपसा
आणि त्या पाइपच्या तोंडाशीही जाळी लागेल. ती दर पावसाळ्याआधी उघडून बघण्याची जबाबदारी त्याच मंजुरीत लिहून घ्या.