‘माहितीशून्य’ प्रायर वापरल्याने निष्कर्ष निःपक्षपाती ठरतो का? (नीरक्षीर, मध्यगा आणि तळटीप या तिघांची चर्चा)

नीरक्षीर

बेझियन पद्धतीत आकडे हाती येण्यापूर्वी अज्ञात प्राचलाविषयी (ज्याचा अंदाज काढायचा त्या संख्येविषयी) एक पूर्ववितरण, म्हणजे प्रायर, मांडावे लागते आणि आकडे आल्यावर ते सुधारून उत्तरवितरण काढावे लागते. हा प्रायर कुठून आणला, हे सांगणे अवघड असल्यामुळे अनेक शोधनिबंधांत ‘आम्ही माहितीशून्य प्रायर वापरला’ एवढे लिहून लेखक पुढे सरकतात. माझ्या मते हे वाक्य जबाबदारी झटकण्यासाठी लिहिले जाते आणि परीक्षकांनी त्यावर हरकत घ्यायला हवी.

समजा, एखादे औषध 20 रुग्णांना दिले आणि एकालाही गंभीर दुष्परिणाम झाला नाही. दुष्परिणामाचे खरे प्रमाण 0 ते 1 यांच्या दरम्यान कुठेही सारख्याच शक्यतेने असेल, असे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासप्रमाणे धरले, तर उत्तरवितरणाची सरासरी 1/22, म्हणजे सुमारे 4.5 टक्के येते. हॅरल्ड जेफ्रीझ यांनी 1946 मध्ये मांडलेला प्रायर काढण्याचा नियम लावला, तर ती 2.4 टक्के येते. जे. बी. एस. हाल्डेन (पुढे 1957 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, तेच हे) यांनी 1932 मध्ये सुचवलेला प्रायर घेतला, तर उत्तरवितरणाखालचे क्षेत्रफळ अनंत होते आणि उत्तरच मिळत नाही. प्रमाण 95 टक्के शक्यतेने ज्याच्या खाली असेल, ती मर्यादा पहिल्या प्रायरने 13.3 टक्के येते, तर दुसऱ्याने 9 टक्के. तिघांचाही दावा मात्र एकच आहे की त्यांनी स्वतःहून काहीच सांगितलेले नाही.

मध्यगा

उदाहरण सोयीचे निवडले आहे. रुग्ण अवघे 20 आणि घटना शून्य, अशा ठिकाणी कोणतीही पद्धत डळमळणारच. लाप्लासने पॅरिसमधील 1745 ते 1770 या काळातील 2,51,527 मुलगे आणि 2,41,945 मुली यांच्या जन्मांवरून मुलगा जन्मण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असल्याचा निष्कर्ष काढला. तिथे वरील तिन्हींपैकी कोणताही प्रायर घेतला, तरी निष्कर्ष तसूभरही हलत नाही.

शिवाय तिघांना एकाच पंक्तीत बसवणे मला मान्य नाही. सपाट प्रायरचा खरा दोष असा की प्रमाणावर सपाट असलेले वितरण त्या प्रमाणाच्या वर्गावर किंवा लॉग-ऑड्सवर (घटना होण्याच्या आणि न होण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर) सपाट राहत नाही, त्यामुळे मोजपट्टी बदलली की ‘अज्ञान’ही बदलते. जेफ्रीझ यांचा नियम फिशर माहितीच्या (प्रयोगातून प्राचलाविषयी किती माहिती मिळते, याच्या मापाच्या) वर्गमुळावर उभा असल्यामुळे कोणत्याही मोजपट्टीवर तोच निष्कर्ष देतो. त्यावरून काढलेले प्रमाणाचे अंतराल (खालच्या-वरच्या मर्यादा), प्रयोग पुनःपुन्हा केल्यास, खऱ्या मूल्याला सरासरीने जवळजवळ ठरवल्याइतक्याच (उदा. 95 टक्के) वेळा सामावून घेतात, आणि ही कसोटी कोणाच्याही श्रद्धेवर अवलंबून नाही. नीरक्षीर यांना पर्याय म्हणून काय हवे आहे? औषध बनवणाऱ्या कंपनीने आपल्या औषधाविषयीचा विश्वास प्रायर म्हणून मांडायचा आणि नियामकाने तो स्वीकारायचा?

नीरक्षीर

पॅरिसच्या उदाहरणात मुलगे आणि मुली, दोन्ही संख्या लाखांत आहेत. प्रायर तिथे निष्प्रभ होतो तो त्यामुळे. घटना शून्यच राहिल्या, तर केवळ रुग्ण वाढवून भागत नाही. 20 ऐवजी 2000 रुग्ण घ्या: सपाट प्रायरने वरची मर्यादा 0.15 टक्के येते, जेफ्रीझ यांच्या प्रायरने 0.096 टक्के. दोन्ही आकडे लहान झाले, पण एक दुसऱ्याच्या दीडपटीहून थोडा अधिकच राहिला, आणि लाखो लोकांना द्यायच्या लसीबाबत ही दीडपट क्षुल्लक नाही.

दुसरे असे की जेफ्रीझ यांचा नियम प्रयोग कधी थांबवायचा यावर अवलंबून असतो. ‘20 रुग्ण तपासू’ असे ठरवले, तर एक प्रायर मिळतो. ‘तिसरा दुष्परिणाम दिसेपर्यंत तपासू’ असे ठरवले, तर त्याच प्रमाणासाठी वेगळा प्रायर मिळतो. दोन्ही प्रयोगांत 20 पैकी 3 अशीच नोंद झाली, तरी उत्तरे वेगळी येतात. संशोधकाने कधी थांबायचे ठरवले होते, यावरून औषधाविषयीचे त्याचे पूर्वीचे अज्ञान कसे काय बदलते?

तळटीप

आपण दोघेही एकाच प्राचलाभोवती फिरत आहात. प्रत्यक्ष कामात खरी हानी होते ती बहुस्तरीय प्रतिमानांत, म्हणजे गटागटांत विभागलेल्या आकड्यांच्या प्रतिमानांत. गटागटांतील प्रसरणासाठी (गट एकमेकांपासून किती वेगळे, याच्या मापासाठी) 0.001 आणि 0.001 हे आकडे घातलेला व्यस्त-गॅमा प्रायर, केवळ बग्ज या संगणकप्रणालीच्या उदाहरणांत दिला होता म्हणून, वर्षानुवर्षे जसाच्या तसा उचलला गेला. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन यांनी 2006 मध्ये आठ शाळांच्या प्रसिद्ध उदाहरणावर (आठ शाळांतील शिकवणीच्या परिणामांची तुलना) दाखवले की गटांतील फरक शून्याजवळ असण्याची शक्यता जिथे खरोखर तपासायची असते, नेमक्या तिथेच हा प्रायर टोकदार शिखर उभे करतो आणि उत्तरवितरण त्याच्या मागे ओढले जाते.

लॉजिस्टिक प्रतिमानात (जे घटनेची शक्यता लॉग-ऑड्सच्या रूपात मांडते) तर फसगत हातानेही मोजता येते. लॉग-ऑड्सवर सरासरी 0 आणि प्रमाण विचलन (पसरणीचे माप) 10 असलेले प्रसामान्य वितरण दिसायला अगदी निरागस वाटते, परंतु त्याचा अर्थ असा की घटनेची शक्यता 1 टक्क्याहून कमी किंवा 99 टक्क्यांहून अधिक असेल, यावर आपण सुमारे 65 टक्के भार आधीच टाकला आहे. म्हणून मी सौम्य माहिती देणारे प्रायर वापरतो आणि आकडे पाहण्यापूर्वी त्या प्रायरमधून कृत्रिम आकडे काढून ते शक्य कोटीतले आहेत का, हे तपासतो. ज्यांचे एकूण क्षेत्रफळ अनंत आहे, अशा प्रायरमधून असे आकडे काढताच येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे उत्तरवितरण अस्तित्वातच नसताना गिब्ज नमुनाकार (उत्तरवितरणातून नमुने काढणारी संगणकीय पद्धत) मुकाट्याने आकडे छापत राहू शकतो.

मध्यगा

बहुस्तरीय प्रतिमानांबाबत तळटीप यांच्याशी मी वाद घालणार नाही. खुद्द जेफ्रीझ यांनीही सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही अज्ञात असताना आपला नियम एकत्र लावला नाही, आणि बर्नार्डो यांनी 1979 मध्ये मांडलेले संदर्भ-प्रायर (आकड्यांचा प्रभाव जास्तीत जास्त राहावा म्हणून आखलेले) अशाच अडचणींतून पुढे आले. परंतु ‘शक्य कोटीतले’ काय, हे ठरवणारी व्यक्ती औषधाच्या यशात गुंतलेली असेल, तर ते सौम्य प्रायर किती सौम्य राहतील?

थांबण्याच्या नियमाबाबतचा आक्षेप मात्र मी दोष मानत नाही. हा प्रायर माझ्या मनःस्थितीचे वर्णन असल्याचा माझा दावाच नाही. तो त्या विशिष्ट प्रयोगासाठी आखलेले मोजमापाचे साधन आहे. दुष्परिणाम दिसेपर्यंत रुग्ण तपासत राहणारा प्रयोग आणि ठरलेल्या संख्येवर थांबणारा प्रयोग यांच्या चुका वेगवेगळ्या वारंवारतेने होतात, आणि नियामकाला एकेका औषधाच्या निकालाइतकीच आपल्या सर्व निर्णयांतील चुकांच्या प्रमाणाचीही काळजी वाहावी लागते.

नीरक्षीर

मग त्याला बेझियन म्हणण्याचे कारण उरत नाही. वारंवारतावादी (प्रयोग पुनःपुन्हा केल्यास किती वेळा बरोबर ठरेल, यावरच आधारलेले) अंतरालच सरळ छापावे.