वाद्यवृंदाने हात बिघडत नाही

'सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवलं की शास्त्रीय वादकाचा हात बिघडतो' असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया हे शास्त्रीय संगीतातले दिग्गज मुंबईत कित्येक वर्षं गाण्यांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत होते. १९६५ च्या 'गाईड'मधल्या 'मोसे छल किये जाय'चा तबला शिवकुमारजींचा आहे, संतूरवादकाचा!

मी तबल्याची साथ करतो. सुगम संगीताच्या एका कार्यक्रमासाठी पहिल्यांदाच बारा वादकांत बसलो. अंतऱ्याआधी बासरीचा छोटासा तुकडा होता. तालमीत सवयीने मी तिथेच तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवला, आणि बासरीचा शेवटचा, लांबवलेला पंचम (प हा स्वर) पार बुडाला. कुणी काही बोललं नाही, पण बासरीवाल्याने वळून पाहिलं. दुसऱ्या वेळी नुसता ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, धरला, डग्ग्यावरचा (डाव्या, खर्जाच्या तबल्यावरचा) हात हलका ठेवला, तेव्हा तो पंचम मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

ख्यालाच्या साथीत वेगळं काय लागतं हो? विलंबित (संथ लयीतल्या) एकतालात गायक आलाप भरत असताना बारा मात्रा स्वच्छ धरायच्या, मधल्या जागा मोकळ्या सोडायच्या. गुरुजी हे कायम सांगायचे. मला कळलं त्या तालमीत.