मदत हवी आहे: गाळातले कृमी गुलाबी झालेत, ते जिवंत होते का?

कर्दम:
अरबी समुद्रातल्या कमी ऑक्सिजनच्या पट्ट्यातला गाळ आहे. रोझ बेंगॉल हा रंग घातल्यावर सूत्रकृमी (दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) गडद गुलाबी झाले. ऑक्सिजन जवळपास शून्य. ‘हे प्राणी ऑक्सिजनशिवाय जगतात’ असं लिहू ना? सोमवारी मसुदा द्यायचाय.

तळगाळ:
खोली? कोणता थर? फॉर्मलिन आधी की रंग आधी? शून्य कशानं मोजलंत?

कर्दम:
४०० मीटर, वरचा १ सेंमी. नमुना टिकवायला ४% फॉर्मलिन जहाजावरच, रंग नंतर. ऑक्सिजन विंकलरनं, म्हणजे पाण्याच्या रासायनिक चाचणीनं.

तळगाळ:
मग नका लिहू. रोझ बेंगॉल प्रथिनांना धरतो. ऑक्सिजन नसलेल्या थंड गाळात मेलेला कृमी लवकर कुजत नाही, तोही तसाच गुलाबी होतो. सेलट्रॅकर ग्रीन हा रंग वापरा, तो जिवंत पेशीतल्या एन्झाइममुळेच चमकतो. नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे लावलेल्या बंद पेटीत) १ मायक्रोमोलर, रात्रभर, मगच फॉर्मलिन. आताचे नमुने आधीच फॉर्मलिनमध्ये आहेत, त्यांच्यावर तो चालणार नाही.

शेवाळ:
रंगावरच का अडायचं? भूमध्य समुद्रातल्या ल’आतालांत या ऑक्सिजन नसलेल्या खोऱ्यात, ३००० मीटरखाली, दानोव्हारोंच्या गटानं २०१० मध्ये लोरिसिफेरा (गाळातले सूक्ष्म कवचधारी प्राणी) जिवंत दाखवले ते अंडी असलेल्या माद्या, टाकलेली कात आणि मायटोकॉन्ड्रियाऐवजी (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या अंगकांऐवजी) हायड्रोजेनोसोमसारखी, ऑक्सिजनशिवाय ऊर्जा बनवणारी अंगकं यांवरूनही. कर्दम, अंडी आणि कात शोधा.

तळगाळ:
कात आणि अंडीवाली मृत मादी वाहूनही येते. बर्नहार्ड यांच्या गटाला २०१५ मध्ये तिथल्याच ऑक्सिजन असलेल्या गाळातही लोरिसिफेरा मिळाले. वाद मिटलेला नाही.

ध्रुवतारा:
सामन माशातला हेन्नेगुया साल्मिनिकोला हा सूक्ष्म प्राणी बघा. त्याच्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनएच नाही, हे २०२० मध्ये कळलं.

शेवाळ:
तो परजीवी माशाच्या स्नायूत राहतो. इथे प्रश्न गाळाचा आहे.

वाळूकण:
गाळातून कृमी तरंगवून वेगळे करायला लुडॉक्स (सिलिकाचं द्रावण) वापरलात का? घनता १.१८ ठेवा. आधी गाळ गोड्या पाण्यानं नीट धुवा, मीठ राहिलं तर लुडॉक्सचं दही होतं. शिवाय विंकलरमध्ये नायट्राइट काढून टाकणारं अझाइड घातलं होतं? त्या पट्ट्यात नायट्राइट असतं, आम्ल पडलं की ते आयोडाइडमधून आयोडीन सोडवतं आणि आकडा फुगतो.

कर्दम:
अझाइड नव्हतं. पण आकडा फुगलेला असेल तर खरा ऑक्सिजन आणखी कमी, म्हणजे बरंच ना?

वाळूकण:
पाण्यापुरतं. कृमी गाळात आहेत, तिथे सूक्ष्म इलेक्ट्रोड लागतो. आणि ‘जवळपास शून्य’ म्हणजे शून्य नव्हे, बऱ्याच सूत्रकृमींना तेवढ्यावर भागवता येतं.

तळगाळ:
मसुद्यात ‘रंग घेतलेले सूत्रकृमी’ एवढंच लिहा. ‘जिवंत’ हा शब्द काढा.

कर्दम:
फॉर्मलिन न घातलेला एक कोअर (नळीत काढलेला गाळाचा उभा नमुना) ४ अंशांवर ठेवलाय. तो चालेल?

तळगाळ:
हे आधी सांगायचं! किती दिवसांपासून? वर पाणी आहे की मोकळी हवा?