उत्तर: 'आयएनएस चक्र' नवी कोरी नव्हती

वर कोणीतरी लिहिलंय की 2012 साली भारतीय नौदलात आलेली 'चक्र' ही अणुपाणबुडी रशियाने आपल्यासाठी नव्याने बांधली. ते पूर्ण खरं नाही. 'अकुला' या रशियन पाणबुड्यांच्या वर्गातल्या या हल्लेखोर पाणबुडीचं मूळ नाव 'नेर्पा'. रशियाच्या अतिपूर्वेतल्या कोम्सोमोल्स्क-ऑन-अमूर इथे 1993 साली तिचं बांधकाम सुरू झालं, पण सोव्हिएत संघ आधीच मोडल्याने पैसाच आटला आणि सांगाडा वर्षानुवर्षं गोदीत पडून राहिला. भारताशी करार झाला तेव्हा कुठे कामाला पुन्हा गती आली. 2006 मध्ये ती पाण्यात उतरली.

आणि मग 8 नोव्हेंबर 2008. जपानच्या समुद्रात चाचणी चालू असताना आग विझवणारी यंत्रणा अचानक सुरू झाली आणि बंद कप्प्यांत वायू भरला. बोटीवर 208 माणसं होती. 20 जण गुदमरून गेले, त्यातले बहुतेक खलाशी नव्हते, गोदीचे कामगार आणि तंत्रज्ञ होते. अणुभट्टीला धक्काही लागला नाही, पण ज्यांनी ती पाणबुडी हातांनी घडवली तेच तिच्यात गेले. 'चक्र'ची गोष्ट सांगताना ही माणसं गाळली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

4 एप्रिल 2012 ला विशाखापट्टणमला ती दहा वर्षांच्या भाडेकरारावर नौदलात दाखल झाली, 2021 मध्ये परत गेली. अणुपाणबुडी चालवण्याचा सराव आपल्या खलाशांना तिच्यावर मिळाला, हे तिचं मोठं देणं. याच नावाची पहिली 'चक्र' 1988 ते 1991 आपल्याकडे होती, तीही भाड्यानेच.