शत्रुत्वच खोटं असेल तर प्रेम कसं पटायचं?

नववी_गल्ली

काल इथं एक पोस्ट आली. आधी भांडणारे आणि मग प्रेमात पडणारे नायक-नायिका ज्यांना पटत नाहीत त्यांनी प्रेमकथा वाचूच नयेत, तर्क हवा असेल तर पेपर वाचावा, असं त्यात ठासून लिहिलंय. वर उदाहरण दिलंय सध्या गाजत असलेल्या गुऱ्हाळाच्या मालिकेचं. त्या मालिकेचे सगळे भाग वाचूनच हे लिहितेय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: मृण्मयी अन्न सुरक्षा अधिकारी, रणजित करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचा मालक. ती गुळाचा नमुना घ्यायला जाते, तो सगळ्यांसमोर तिला लाचखाऊ ठरवतो. एकोणिसाव्या भागात पाऊस, दोघं गुऱ्हाळाच्या छपरात अडकतात. विसाव्यात प्रेम. एकविसाव्यापासून त्या नमुन्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

माझा आक्षेप वेगापेक्षा मोठा आहे. या दोघांत शत्रुत्व असं नाहीच, नुसता गैरसमज आहे. कुणीतरी आधी नमुने घेऊन पैसे मागितले होते आणि हिला तो त्यांच्यातलीच समजला. पाच मिनिटं बोलले असते तर दुसऱ्या भागात विषय मिटला असता. खरं शत्रुत्व म्हणजे एकाला हवं ते मिळालं की दुसऱ्याचं नुकसान ठरलेलं. ते तर लेखिकेच्या हातातच होतं! नमुना नापास झाला तर सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, त्याच्या गुळाला कुणी हात लावणार नाही, तिनं डोळेझाक केली तर तिची नोकरी जाणार. दोघंही आपापल्या जागी बरोबर. एवढं आयतं मिळालेलं सोडून दिलं आणि पाऊस पाडला.

दुसरं, मन बदलतं कशानं? इथं बदलतं ते भिजलेल्या शर्टानं. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरीला दोनशे वर्षं उलटली, तरी त्यातला क्रम बघा. एकूण 61 प्रकरणं, नायक डार्सीची नायिका एलिझाबेथला पहिली मागणी 34व्यात, तीही अपमान करत केलेली, आणि तिचा सणसणीत नकार. 35व्यात त्याचं पत्र. ते वाचून ती स्वतःला तपासते. पुढं तिच्या बहिणीचं प्रकरण तो पदरचे पैसे घालून निस्तरतो, तिला कळू नये अशी तजवीज करून. तिला कळतं ते मामीच्या पत्रातून. म्हणजे आधी नकार, मग स्वतःकडे बघणं, मग बक्षिसाची आशा नसताना मोजलेली किंमत आणि शेवटी प्रेम. आपल्या मालिकेत प्रेम विसाव्या भागात आणि माफी एकतिसाव्यात, तीही त्याच्या बहिणीनं त्याच्या वतीनं मागितलेली.

तिसरं, नावडतं पात्र. नायक तिरसट असला तर माझी हरकत नाही. पण चौथ्या भागात तो गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कामगाराच्या, हातातला चहा उडवून देतो आणि नंतर एकदाही त्याचा उल्लेख नाही. बरोबरीच्या माणसाशी केलेला उर्मटपणा वाचक विसरतो. ज्याला उलटून बोलता येत नाही त्याच्याशी केलेला विसरत नाही. लेखिकेला तो प्रसंग ठेवायचाच असेल तर त्याची भरपाई त्याच गुळव्यापुढं व्हायला हवी. मृण्मयीला गुलाब देऊन ती होत नाही.

पन्हाळवाट

ताई, मुद्दे चांगले आहेत, पण तुम्ही कादंबरीची मापं मालिकेला लावताय. तुमचं ते पुस्तक 1813 साली तीन खंडांत आलं, तिन्ही खंड एकदम. वाचकानं बसून वाचलं. इथं रोज हजार शब्दांचा एक भाग जातो, शेवटी ओढ लावावी लागते. बत्तीस भाग नुसतं भांडण चाललं तर वाचक दहाव्यालाच पळतो. विसाव्यात जवळीक आली ती गरजेपोटी. आणि नायक थोडा माजोरडा असल्याशिवाय पहिल्या तीन भागांत कुणी थांबत नाही, हे मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

नववी_गल्ली

रोज ओढ लावायची तर लावा ना. पण दर भागाला जवळीक कशाला द्यायला हवी? दर भागाला एकाला दुसऱ्याबद्दल एक नवी गोष्ट कळू दे आणि ती कळल्यामुळं त्याचा पुढचा डाव बदलू दे. सहाव्या भागात तिला कळू दे की तो मजुरांची उचल कापून घेत नाही. नवव्यात त्याला कळू दे की तिनं स्वतःच्या नातेवाइकाच्या दुकानातलाही नमुना घेतलाय. दोघं अजून एकमेकांच्या विरोधातच आहेत, पण आता विरोध करणं जड जातंय. बत्तीस भाग यावर आरामात जातात.

चिपाडाचा_जाळ

तुमचं प्रेम राहू दे बाजूला. श्रावणात गुऱ्हाळ चालू दाखवलंय, मी तिथंच थांबलो. काय बी लिवायचं व्हय? हंगाम दिवाळीच्या आगंमागं सुरू हुतो. चुलवाणात जळतं ते चिपाड, म्हंजी रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा, आणि ते दोन-चार दिवस उन्हात वाळल्याबिगार पेटत न्हाई. भर पावसात चिपाड वाळवणार कुठं? चुलवाण धुरानं भरंल, रस उकळायला दुप्पट येळ लागंल, तंवर रस आंबतोय.

आन ती बाई काहिलीजवळ, रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, जाऊन वास घेऊन सांगते, ह्यात हायड्रोस हाय. हायड्रोस म्हंजी गुळाचा रंग उजळायचं रसायन. वासावर असं ठामपणे सांगता येत न्हाई. रंगावरनं संशय येतो, तेवढाच. उकळत्या रसात हायड्रोस पडला की रस डोळ्यांदेखत पिवळा हुतो, पर तो रंग टिकत न्हाई, साठवणीत गूळ पुन्ना काळवंडतो. मग त्याच गुळाला गिऱ्हाईक नावं ठेवतंय. भेंडीचा चिकट रस घालून मळी नीट काढली, चुना मापात टाकला, पाक 118 अंशाला उतरवला तर बिगर हायड्रोसचाबी सोनेरी गूळ पडतो. काकवी पायजे असंल तर 105-106लाच थांबायचं. एवढं लेखिकेनं इचारलं असतं तर नायकाचं कसब तरी दिसलं असतं.

सौदा_नऊला

भावा, हे सांगायला सोपं आहे. सौद्यात पिवळ्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, जास्त बोली लागते आणि तांबूस रवा बाजूला पडतो, मग गुऱ्हाळवाल्यानं काय करायचं? मुंबई-गुजरातचं गिऱ्हाईक रंग बघून घेतं. पाप सगळं गुऱ्हाळवाल्याच्या माथी मारता, पिवळा मागणाऱ्याला कुणी विचारत नाही. आणि रंग नुसता हायड्रोसनं ठरत नाही. चोपण जमिनीतला ऊस, नत्र जास्त झालेला ऊस, तोडून दुसऱ्या दिवशी गाळलेला ऊस, याचा गूळ काळाच पडतो, कितीही भेंडी घाला.

चिपाडाचा_जाळ

मग ऊस नीट लावा! को 92005 सारखी गुळाला चांगली जात हाय, कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र हाय, तिथं जाऊन इचारा. तोडला की त्याच दिवशी गाळा. रंगासाठी लोकांच्या पोटात रसायन घालायचं आन वर गिऱ्हाइकाकडं बोट दाखवायचं, ह्ये न्हाई चालायचं.

सौदा_नऊला

लोकांच्या पोटात काय घालतोय ते तुम्ही मला शिकवू नका. ऊसतोडीची टोळी आज येणार म्हणून चार दिवस लावते, त्यात तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळा म्हणे. कागदावरचं गुऱ्हाळ चालवताय तुम्ही.

नियमावर_बोट

दोघांनी आवाज जरा खाली घ्या, कारण कथेचा खरा घोळ वेगळाच आहे. मालिकेत ती सकाळी पुडी भरून नेते आणि संध्याकाळी रिपोर्ट आणते. 2006च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात असं काही होत नाही. नमुन्याचे चार भाग करून सील करायचे. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि मालकानं मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. रिपोर्टला 14 दिवस. तो पटला नाही तर मालकाला अपिलासाठी 30 दिवस. हायड्रोस टाकला की गुळात गंधक डायऑक्साइड उरतो, आणि त्याची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम, त्यामुळं आकडा 68 आला की 85, यावर सगळं फिरतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, घेतलेल्या नमुन्याची किंमत अधिकाऱ्यानं मालकाला द्यायची असते. ज्या प्रसंगात तो तिला लाचखाऊ म्हणतो, त्याच प्रसंगात ती गुळाचे पैसे मोजून त्याची सही घेत असणार. लेखिकेला हे माहीत असतं तर तिथल्या तिथं केवढा खटका उडाला असता! 14 अधिक 30 म्हणजे चव्वेचाळीस दिवस दोघंही टांगणीला. बत्तीस भाग कुठून आणू असं विचारणाऱ्यांनी कायदा उघडावा.

चाफा_आणि_काटे

तुम्ही सगळे गूळ आणि कलमं उगाळत बसलात आणि मृण्मयीबद्दल एक ओळ नाही. तिच्यावरच्या प्रतिक्रिया वाचल्यात? नमुना घेतला म्हणून ती गर्विष्ठ, उलट बोलली म्हणून तिला वळण नाही. रणजितनं चहा उडवला तर लगेच त्याचं बालपण शोधायला निघतात. वा. बा. केळकरांनी शेक्सपियरवरून ‘त्राटिका’ नाटक मराठीत आणलं तेव्हापासून तिखट बाई शेवटी मवाळ झाली पाहिजे हा हट्ट चालत आलाय. इथंही तेच: शेवटच्या भागांत ती बदली मागते, नोकरीवर पाणी सोडायच्या गोष्टी करते, आणि तो? तो गुऱ्हाळाला तिचं नाव देतो. माझ्यासाठी कथा तिथं फसली, पावसात नव्हे.

पन्हाळवाट

बदली मागण्यात गैर काय? त्याच्या प्रेमात पडल्यावर त्याच्याच गुऱ्हाळाची तपासणी ती करूच शकत नाही. हितसंबंध आले.

चाफा_आणि_काटे

मग ते विसाव्या भागात का नाही आलं? मन ओढ घेतंय असं वाटलं त्याच दिवशी तिनं वरिष्ठांना सांगून ती फाईल दुसऱ्याकडे द्यायला हवी होती. ते सचोटीचं वागणं ठरलं असतं आणि रणजितला घाम फुटला असता, कारण नवा अधिकारी आणखी कडक निघाला तर? शेवटच्या भागांत तेच केलं की तो नुसता त्याग होतो, बायकांकडून नेहमी मागितला जाणारा.

पन्हाळवाट

फाईलचा मुद्दा घेतो. 14 दिवसांचाही घेतो, मला तो माहीत नव्हता. पण नायकानं खरोखर हायड्रोस टाकलेला दाखवलात तर वाचक त्याला माफ करणार नाहीत, आणि टाकला नाही असं दाखवलंत तर पुन्हा गैरसमजाचीच गोष्ट. यातून वाट काढून दाखवा, मग बोला.

नववी_गल्ली

दाखवते. टाकलेला आहे, आणि तो ते जाणून आहे. सौदा_नऊला यांनी वर सांगितलं तेच त्याचं कारण: गेल्या हंगामात तांबूस रवे पडून राहिले, मजुरांचे पैसे थकले. ती सील लावत असताना तो गप्प बसतो आणि गुळव्या स्वतःहून पुढं येऊन ‘मी टाकला’ म्हणतो, मालकाला वाचवायला. हा चहा उडवलेलाच गुळव्या. आता रणजितकडं 14 दिवस आहेत. रिपोर्ट यायच्या आत, दंड किती होईल हे माहीत नसताना, तो लेखी देतो की गुळव्याचा दोष नाही, सांगणारा मी. मृण्मयीला हे त्याच्या तोंडून कळत नाही, कागदातून कळतं. त्यावेळी फाईल तिच्या हातात राहिलेलीसुद्धा नाही.

चिपाडाचा_जाळ

गुळव्या असा पुढं यील, ह्ये पटतंय. पर पुढच्या आधणाला काहिलीत भेंडी पडाया पायजे आन रंग तांबूस निघाया पायजे. पयल्याच झटक्यात सोनेरी गूळ काढून दाखवला तर मी पुन्ना वाचायचा थांबणार.

सौदा_नऊला

आणि तो तांबूस रवा सौद्यात कमी भावानं गेलेला दाखवा. तेवढं खरं लिहिलंत तर माझं काही म्हणणं नाही.