शब्दचर्चा : अंड्याचं पांढरं घुसळायचं, फेटायचं की फेसायचं?

एका शब्दापायी आमची चार अंडी आणि वाटीभर साखर वाया गेली, म्हणून हा प्रश्न इथं मांडते आहे.

आम्ही वरूडकडचे, संत्र्याच्या पट्ट्यातले. भाची डिसेंबरात सुट्टीवर आली आणि तिनं पाव्हलोव्हा करायचा घाट घातला. अंड्याचं पांढरं आणि साखर यांचा घट्ट फेस करायचा (याला फ्रेंच शब्द मरँग), तो मंद आचेच्या ओव्हनमध्ये तास-सव्वा तास ठेवायचा. वरून कडक पापुद्रा, आत मऊ लुसलुशीत. त्यावर साय आणि आंबटगोड फळ. नाव पडलं ते आन्ना पाव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तिकेवरून. १९२६ मध्ये ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली होती, आणि हा पदार्थ पहिल्यांदा कुणी केला यावर ते दोन्ही देश अजून हक्क सांगतात. तिकडं नाताळ भर उन्हाळ्यात येतो, म्हणून नाताळाच्या जेवणात हे गार गोड.

कृती एका जुन्या मराठी कात्रणातून घेतली. त्यात लिहिलं होतं, 'दोन चमचे मक्याचे पीठ'. घरात गिरणीवरून दळून आणलेलं पिवळं पीठ होतं, तेच घातलं. फेस सैल पडला, खाताना दाताखाली कचकच, आणि मधोमध खड्डा. मूळ कृतीत पाहिजे होतं कॉर्नफ्लोअर, आणि ते पीठ नव्हे. आपण कुरड्यांसाठी गहू भिजवून चीक काढतो, तो वाळवला की गव्हाचं सत्त्व. मक्याचं तसंच सत्त्व म्हणजे कॉर्नफ्लोअर. दळलेल्या मक्यात कोंडा येतो, दाण्यातलं तेलही येतं, आणि तेलाचं न् या फेसाचं वैर आहे. 'मक्याचं सत्त्व' असं छापलं असतं तर आमच्या आत्याबाईंनाही एका वाचनात कळलं असतं.

आता बचत गटातल्या बायांसाठी कृती नव्यानं लिहायला बसले, तर क्रियापदाशी अडले. 'घुसळणे' मला पटत नाही. घुसळतो ते काहीतरी वेगळं काढायला, ताकातून लोणी. 'घोटणे' वरणाला. 'फेटणे' दह्याला, गुठळ्या मोडून एकजीव करायला. माझा कौल 'फेसणे' या शब्दाला आहे. मोहरी फेसतो, तेव्हा ती पाणी घालून इतकी वाटतो की फेस येतो आणि नाकात झणका जातो. वड्याची डाळ फेसतो. आजी मुंगवड्यांचं पीठ परातीत घेऊन हातानं फेसायची, एकाच दिशेनं, मनगटापर्यंत हात भरलेला, आणि मधूनच एक थेंब पाण्याच्या वाटीत सोडायची. बुडला तर म्हणायची, "नाई वं, आजून फेस." तरंगला की हात धुवायची. पिठात हवा कोंडणं हे त्या एका क्रियापदात पूर्ण येतं. अंड्याच्या पांढऱ्याला आणखी काय करायचं असतं?

आणि ओव्हनमधल्या कामाला 'भाजणे' म्हणावं का? हा फेस तांबूस झाला तर बिघडला म्हणायचा.

अचलपूरहून

ताई, 'फेसणे' शंभर टक्के बरोबर. एक भर घालतो. पुस्तकांत 'पांढरा बलक' आणि 'पिवळा बलक' असं छापतात. आमच्या घरी बलक म्हणजे पिवळंच. कुणी नुसतं 'चार अंड्यांचा बलक' लिहिलं तर आमच्याकडची बाई पिवळं घेईल आणि पांढरं टाकून देईल. इथं तर पिवळ्याचा एक ठिपका पडला तरी फेस चढत नाही, कारण पिवळ्यात चरबी असते. तुमच्या वहीत साधं 'पांढरं' आणि 'पिवळं' लिहा. बलक हा शब्दच नको.

दर्यापूरहून

माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा मरँग पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "आवं माय, हे त बत्तासेच हायेत!" दिसायला खरंच तसंच: पांढरं, हलकं, तोंडात टाकलं की विरणारं. मग आम्ही त्याला 'अंड्याचे बत्तासे' म्हणायला लागलो.

पण मला ते नाव आता नको वाटतं. बत्तासा साखरेच्या गरम पाकाचा, सोड्यानं फुगवून थेंब सोडलेला. त्यात अंडं नाही. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्यांबरोबर आपण तो देवापुढं ठेवतो. लेकरं पुढचा 'अंड्याचे' हा शब्द गाळतातच, आणि शेजारच्या माळकरी आजींना कुणी 'घ्या, बत्तासा आहे' म्हणून हातावर ठेवला तर? त्यांचा नेम मोडेल, आणि तो आपल्या शब्दानं मोडेल. नाव मरँगच ठेवा. परकं नाव ऐकून माणूस निदान विचारतो, यात काय काय आहे.

मोर्शीहून

आमची पंचवीस वर्षं बेकरी होती. दिवाळीत बायका घरून नानकटाईचं पीठ मळून आणायच्या आणि डब्यांवर नावं टाकून भट्टीत द्यायच्या. भट्टीची धग चढती, भर आणि उतरती अशी असते. पाव भर धगीला. हा पदार्थ उतरत्या धगीचा आहे. घरच्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर तापवून फेस आत गेला की लगेच १२० वर आणतात, आणि वेळ झाली की आंच बंद करून आतच निवू देतात. ताई म्हणतात ते खरं, हे भाजणं नाही. 'वाळवणे' लिहा. कुरड्या उन्हात वाळतात, हे धगीत.

फेस किती झाला हे सांगायला आम्ही 'शेंडा' म्हणायचो. रवी उचलली की फेसाला शेंडा येतो. तो वाकला तर अजून कच्चा, ताठ उभा राहिला तर झाला. त्याच्याही पुढं गेलं तर फेस फाटतो: पिंजलेल्या रुईसारखे गोळे होतात आणि खाली पाणी सुटतं. तो परत जुळत नाही. साखर चमच्या-चमच्यानं घाला आणि चिमूटभर फेस दोन बोटांत चोळून पाहा. रवाळ लागला तर साखर विरघळायची आहे. न विरघळलेल्या साखरेनंच पुढं पदार्थाला पाझर फुटतो. आणि भांडं ओशट नको. धुतलेलं असलं तरी लिंबाची फोड फिरवून, पुसून, कोरडं ठणठणीत करून घ्या.

वरूडहून, पुन्हा मी

'शेंडा' आणि 'ओशट' दोन्ही वहीत गेले. भाऊ, 'उतरती धग'सुद्धा घेतली. बत्ताशाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. दर्यापूरच्या ताईंचं बरोबर आहे, नाव मरँगच राहील.

आणखी एक शब्द मीच सुचवते. जुलैत दुसऱ्यांदा केला, तेव्हा शेंडा ताठ आला, धग नीट लागली, आणि दुपारी डब्यात ठेवलेला संध्याकाळी हाताला चिकटत होता. भाची म्हणाली बिघडला. बिघडला नव्हता, सादळला होता. साखर हवेतली ओल ओढून घेते. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी की पापड उघडा ठेवला तरी कुरकुरीत, आणि मृगाचा पाऊस पडला की चिवडा सुद्धा मऊ. पाव्हलोव्हा हा आपल्या कोरड्या महिन्यांचा पदार्थ आहे, आणि ते सांगायला 'सादळणे' एवढा एकच शब्द पुरतो.

दर्यापूरहून

माळकरी आजींसाठी काही आहे का हो यात?

अचलपूरहून

आहे. फ्रान्समधल्या एका माणसानं २०१४ मध्ये दाखवलं की कडधान्य शिजवलेल्या पाण्याचाही असाच फेस होतो. २०१५ मध्ये त्याला ॲक्वाफाबा नाव मिळालं: लॅटिनमध्ये ॲक्वा म्हणजे पाणी आणि फाबा म्हणजे शेंगेतला दाणा. आपल्याकडं याला शब्द आधीपासून आहे, कट! पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढतो, ज्याची आमटी करतो, तोच. फक्त इथं काबुली हरभऱ्याचा घ्या, मीठ-तेल न घालता शिजवलेला, आणि आटवून दाट केलेला. फेसायला अंड्यापेक्षा जास्त वेळ लागतो. 'हरभऱ्याच्या कटाचं मरँग' असं लिहिलं की आजींना विचारावंही लागणार नाही.

वरूडहून

कट! हे मला सुचायला हवं होतं, दर होळीला काढते.

आता वहीत असं आहे: 'चार अंड्यांचं पांढरं कोरड्या भांड्यात शेंडा वाकेपर्यंत फेसा. वाटीभर बारीक साखर चमच्या-चमच्यानं घालत शेंडा ताठ होईपर्यंत फेसा. दोन चमचे मक्याचं सत्त्व आणि चमचाभर लिंबाचा रस हलक्या हातानं मिसळा. कागदावर थापून उतरत्या धगीत वाळवा. वाढताना वर गार साय फेसून घाला (जास्त फेसाल तर घुसळली जाईल आणि लोणी निघेल), त्यावर आंबिया बहाराच्या संत्र्याच्या सोललेल्या फोडी.'

एकच जागा मोकळी आहे. पापुद्र्याला काय म्हणू? भाचीनं 'खुसखुशीत' लिहिलं होतं, ते मी खोडलं.

मोर्शीहून

बरं केलं. खुसखुशीत व्हायला मोहन लागतं, करंजीसारखं. यात तुपाचा थेंब नाही. 'ठिसूळ' लिहा, सुरी लावली की तडकतो तो.